रविवारच्या वर्गाचे कंडक्टर

एका शिक्षकाकडे मुले आपणहून येतात आणि दुसऱ्याकडे त्यांना पाठवावे लागते, असे का होते? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे. प्रश्न तटस्थ नाही, कारण त्यातला दुसरा शिक्षक मी आहे. पहिले शिक्षक शहर बससेवेतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. त्यांच्याकडे ना डी.एड. होते, ना बी.एड., ना कुठल्या मदरशाची सनद. मी कित्येक वर्षे त्यांच्यावर जळलो. आज ते हयात नाहीत, तरी मी पुरता विझलो आहे असे म्हणवत नाही. वाचकाने हे आरंभीच ध्यानात घ्यावे, म्हणजे पुढे माझी लेखणी कुठे कलली ते त्याला ओळखता येईल.

आमचा वर्ग कसबा पेठेत, एका लहान मशिदीला लागून असलेल्या दोन खोल्यांत भरत असे. दर रविवारी सकाळी नऊ ते बारा, मुलांना धर्मशिक्षण. पेठेतली मुले थोडी. बरीचशी कोथरूड आणि वारज्याहून येणारी. त्यांचे आईवडील बँकेत, कारखान्यात, महाविद्यालयात नोकरीला. राहणे नव्या सोसायट्यांत, जिथे अख्ख्या इमारतीत आमचे असे एखादेच घर. शाळा मराठी किंवा इंग्रजी माध्यमाच्या. उर्दू आजोबांबरोबर घरातून गेलेली. हाताशी आठवड्याचे तीन तास. तेवढ्यात मुलाने अरबी अक्षरे ओळखावी, कुरआनातल्या छोट्या सूरा, म्हणजे अध्याय, पाठ कराव्या, नमाज शिकावी, आणि शिवाय पुढच्या रविवारी त्याला पुन्हा यावेसे वाटावे. पहिल्या तीन गोष्टींचे नियोजन करता येते. चौथीचेही करता येते, असे मी तेव्हा मानत होतो.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवत असे. पाठटाचणाशिवाय मी वर्गात पाऊल ठेवलेले नाही. रविवारच्या वर्गासाठीही मी वर्षाचे घटक पाडले होते, प्रत्येक घटकाला तक्ता होता, प्रत्येक महिन्याला चाचणी. बाहेरची खोली माझी होती, आतली त्यांची. मध्ये लाकडी पार्टिशन, आणि ते छतापर्यंत न पोचता वर हातभर जागा मोकळी. सुताराने ती का सोडली कोण जाणे. त्या मोकळ्या जागेतून पलीकडचा प्रत्येक आवाज माझ्या खोलीत येई. माझ्या खोलीतून पलीकडे जाण्यासारखा आवाज होत नसे.

आता त्यांच्याविषयी.

निवृत्त होऊन दोन वर्षे झाली तरी कंडक्टरची चामड्याची पिशवी त्यांच्या खांद्याला तिरकी लटकलेली असे. तिच्यात तिकिटांऐवजी खडूचे तुकडे, दात घासायचा मिसवाक, सेफ्टी पिना आणि आल्याच्या वड्या. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा मात्र त्यांनी कुठूनसा मिळवून जपला होता. मुलांना गप्प करायचे झाले की ते तो चिमटा दाराच्या कडीवर दोनदा वाजवत. मी छडी न वापरता, आवाज न चढवता वर्ग शांत कसा ठेवावा यावर प्रशिक्षण घेतलेला माणूस. पण त्या टक-टक आवाजाने माझ्याही खोलीतली मुले ताठ बसत, हे मला नोंदवले पाहिजे.

मुले त्यांना चाचा म्हणत; ते सहा वर्षांच्या मुलालाही ‘अहो’ म्हणत. चेहऱ्यावर रेष न हलवता.

“अहो, पुढे सरका. मागे माणसं उभी आहेत.”

“चाचा, मागे कोणी नाही.”

“येतील ना. आपण सरकून ठेवा.”

उशिरा आलेल्या मुलाला मी कारण विचारत असे आणि वहीत लिहीत असे. ते घड्याळाकडे बघून एवढेच म्हणत, “गाडी गेली. पुढची रविवारी. बसा तोवर.” मूल हसत आत जाई. पालकांशी बोलताना मात्र ‘अहो’तला सगळा गोडवा जाई. एकदा एका इंजिनियर बापाने दारातच तक्रार केली की सहा महिन्यांत मुलगा फक्त चार सूरा शिकला.

“आपल्याला किती येतात?” चाचांनी विचारले.

“म्हणजे… लहानपणी येत होत्या.”

“मग मुलगा चारांनी पुढे आहे. बसा आपण पण. त्याच्या शेजारी जागा आहे.”

तो गृहस्थ खरोखर बसला, आणि पुढेही येत राहिला. माझ्या पालकसभेला सूचनापत्र काढूनही तिघे येत.

वजूची गोष्ट सांगतो, कारण तिने माझी एक रात्र घेतली. नमाजेपूर्वी हात, तोंड, पाय धुण्याची जी रीत आहे, ती मी तक्त्यावर शिकवली होती. आठ रंग वापरून प्रत्येक पायरीचे चित्र काढले होते आणि चाचणीत माझ्या वर्गाला पैकीच्या पैकी गुण होते. त्यांनी तक्ता काढला नाही. प्रत्येक मुलाच्या हातात पाण्याने भरलेला एकच पेला दिला आणि सांगितले, यात सगळे उरकायचे, कोपर कोरडे राहता कामा नये आणि पेल्यात घोटभर उरले पाहिजे. पहिल्या रविवारी त्यांच्या मुलांचा नुसता चिखल झाला. दुसऱ्या रविवारीही. मी पार्टिशनमागे समाधानाने हसलो. महिन्याभरात त्यांची सात वर्षांची पोरे पेल्याच्या तळाशी पाणी राखून वजू करत होती, आणि माझी मुले नळ पूर्ण सोडून गल्लीपर्यंत ओघळ नेत होती. एकदा चाचा ते ओघळ ओलांडत माझ्या दारात आले.

“सर, आपला तक्ता फार सुंदर आहे,” ते म्हणाले. “कोरडा राहील असा लावलाय ना?”

या माणसाच्या यशाचे कारण शोधून काढायचे, असे मी ठरवले. शोधून काढले की ते माझ्याकडेही आणता येईल. गणितात रीत कोणाच्या मालकीची नसते. पहिले कारण मला सहज सापडले. ते कारण बस होते.

दर रविवारी सकाळी ते कसब्यातून रिकाम्या बसने उलट वारज्याला जात आणि तिथून मुले गोळा करत परत येत. कर्वेनगर, कोथरूड, नळ स्टॉप, डेक्कन. जिथे ज्याचा थांबा, तिथे ते दारात उभे राहून त्याला आत घेत. पालकांना स्कूटर काढू देत नसत. आणि मुले दोन-दोन करून बसली की सबक, म्हणजे मागचा धडा, सुरू होई. एकाने हळू आवाजात म्हणायचे, दुसऱ्याने ऐकायचे. थांबा आला की अदलाबदल. खिडकी ऐकणाऱ्याला मिळे. मी त्यांना याचे कारण विचारले होते.

“म्हणणाऱ्याचं काम सोपं आहे हो,” ते म्हणाले. “त्याचं तोंड तरी हलतंय. ऐकणाऱ्याला झोप येते. त्याला वारा पाहिजे.”

त्या बसला कर्वे पुतळ्यापाशी एक काळी टोपी घातलेले आजोबा चढत. दर रविवारी बहिणीकडे जायचे त्यांचे ठरलेले. ते पुढच्या बाकावर बसत आणि उतरताना मागे वळून सांगत, “कंडक्टर, तुमचा तो चष्मेवाला आज घसरला हो. मधली ओळ खाल्ली.”

“आपल्याला कळलं?”

“न कळायला काय झालं? वर्षभर ऐकतोय. अर्थ नाही कळत. पण ठेका तुटला की कळतो. लहानपणी आमच्याकडूनही पाठांतर असंच करून घेत.”

“मग आपलं नाव घालू का हजेरीत?”

“घाला. पण सुट्टी मी मागणार नाही.”

म्हणजे बसमधले परके म्हातारेसुद्धा त्यांच्या पटावर. मी हिशेब मांडला: माझ्या मुलांना आठवड्याला तीन तास मिळतात, त्यांच्या मुलांना जाता-येता मिळून जवळपास दीड तास अधिक. उत्तर सापडल्याचा मला आनंद झाला. मी त्यांच्याकडे एक रविवार मागितला. सांगितले की प्रवासाची जबाबदारी वाटून घेऊ. ते लगेच हो म्हणाले. मी आदल्या दिवशी थांब्यांची यादी केली, प्रत्येक दोन थांब्यांमधल्या वेळात कोणती सूरा बसते ते पडताळले, मुलांच्या जोड्या ठरवल्या आणि त्याच्या प्रती काढल्या.

नळ स्टॉप येईपर्यंत दोन मुलांनी म्हटले. एकीला मळमळू लागले. बाकीची बाहेर बघत होती. एकाने विचारले, “सर, याचे मार्क धरणार का?” काळ्या टोपीचे आजोबा बराच वेळ माझ्या कागदाकडे पाहत होते.

“आज कंडक्टर नाहीत वाटतं?”

“आज त्यांच्या जागी मी आहे.”

“असं होय,” ते म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडले.

बस हे कारण नव्हते.

त्याच सुमारास माझी मुलगी सलमा, तेव्हा दहा वर्षांची, जेवताना म्हणाली, “अब्बा, मी चाचांच्या खोलीत जाऊ?”

“का?”

“तिथे मला काम असतं.”

“आणि इथे नसतं?”

“इथे अभ्यास असतो.”

मी समजावून सांगू लागलो की तिचा घटक अर्धा झाला आहे, मध्येच वर्ग बदलणे शास्त्रीय नाही. माझी पत्नी भाकरी थापत होती. मागे न वळता म्हणाली, “जाऊ द्या हो. खोली बदलतेय, बाप नाही.” वाक्य अचूक होते, पण त्याने मला धीर आला नाही. पुढच्या रविवारी सलमा पार्टिशनपलीकडे गेली आणि मी माझ्या हजेरीपटावरचे तिचे नाव लाल शाईने, पट्टी लावून, सरळ रेषेत खोडले.

तिथे तिला काय काम होते ते मला दोन आठवड्यांनी कळले. माझ्या खोलीत लेखी चाचणी चालू होती, त्यामुळे पूर्ण शांतता होती. वरच्या मोकळ्या जागेतून चाचांचा आवाज आला. ते एक सूरा म्हणत होते, अडखळत, नवख्यासारखे. असे आवाज पूर्वीही कानावर आले होते; मला वाटे, ते मुलांना शब्द फोडून दाखवत आहेत. तेवढ्यात सलमाचा आवाज आला, “नाही चाचा. तिथे थांबायचं नाही. परत.” आणि त्यांनी परत म्हटले. “अजून परत,” ती म्हणाली. त्यांनी पुन्हा म्हटले.

मला उलगडा झाला. या माणसाला काही येत नव्हते! बाकीचे सलमाकडून कळले: नोकरीच्या वर्षांत त्यांना कुरआन शिकायला सवड झाली नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांनी अक्षरओळखीपासून सुरुवात केली होती, आणि तीही आमच्याच वर्गात, मुलांबरोबर. आधी ते मुलांच्या दोन पावले पुढे असत. आता मोठी मुले त्यांच्या पुढे गेली होती, आणि दर रविवारी वर्ग सुरू होताना ते कोणातरी एका मुलासमोर मांडी घालून बसत आणि म्हणत, “ऐका माझा सबक.” मग ते मूल त्यांना तपासत असे. हे त्यांनी कोणापासून लपवले नव्हते. पार्टिशनपलीकडच्या प्रत्येकाला ठाऊक होते. माहीत नव्हते ते मला एकट्याला.

मला झालेला आनंद मी इथे सौम्य शब्दांत लिहिणार नाही. मी त्या दिवशी मंडईतून घरी आंबे नेले.

संधीही लवकरच आली. इमामसाहेबांच्या कुटुंबाला राहायला आतली खोली लागणार होती. वर्ग चालवणाऱ्या मंडळाने कळवले की पुढच्या महिन्यापासून एकच खोली, एकच वर्ग, एकच शिक्षक. कोण, ते बैठकीत ठरेल. तो वर्ग मला हवा होता. नुसता वर्ग नव्हे. पलीकडून ऐकू येत असे ते सगळे मला हवे होते, आणि सलमा परत हवी होती.

बैठक रविवारी वर्ग सुटल्यावर माझ्याच खोलीत झाली. मंडळाचे पाच जण सतरंजीवर बसले. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, मितभाषी आणि सभ्य गृहस्थ होते. मुले घरी न जाता दारात चपला घालून घुटमळत होती. मी अभ्यासक्रम, गुणपत्रके आणि हजेरी यांची फाइल पुढे ठेवली. चाचांनी पिशवी मांडीवर घेतली आणि सगळ्यांना आल्याच्या वड्या वाटल्या.

मी सुचवले की मुलांचे गुण बाजूला ठेवू. दोन्ही शिक्षकांनी एकेक सूरा तोंडपाठ म्हणून दाखवावी. सूचना निर्दोष होती. आधी मी माझी म्हटली आणि एकदाही अडलो नाही. मग चाचांसाठी मी एक सूरा सुचवली, सहज सुचल्यासारखी. तीच सूरा त्यांच्या तोंडी बसत नव्हती. गेले तीन रविवार मी ते पार्टिशनमागून ऐकत होतो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना कळले असावे, असे मला आज वाटते. त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केले. चौथ्या आयतीवर, म्हणजे ओळीवर, ते थांबले. आणि दारातून सलमाने ती ओळ त्यांना हळूच म्हणून दिली.

इथे आमची एक रीत सांगितली पाहिजे. सामुदायिक नमाजेत इमाम पुढे उभा राहून मोठ्याने म्हणत असतो. तो मध्येच विसरला, तर मागे उभ्या असलेल्यांपैकी ज्याला येते तो पुढची ओळ म्हणून देतो. याला लुकमा देणे म्हणतात. तो देणारा वयाने, मानाने कितीही लहान असला तरी चालते, आणि घेणाऱ्याचा त्यात अपमान नसतो. इमाम ती ओळ घेतो आणि पुढे जातो. ती रीत नमाजेतली. बैठकीत तिला स्थान नव्हते. पण सलमाने लुकमा दिला आणि चाचांनी तो घेतला. पुढे ते पुन्हा अडले. या वेळी दारातून तिघे एकदम बोलले. शेवटच्या ओळीला तर सगळी मुले, काही माझ्याही वर्गातली, त्यांच्याबरोबर म्हणत होती.

“झालं,” चाचा डोळे उघडून म्हणाले. “शिकतोय, साहेब.”

अध्यक्षांना अवघडल्यासारखे झाले. “ते खरं. पण शिक्षकाला आधी स्वतःला यायला नको का?”

“यायला पाहिजे ना. येईल. दोन-तीन स्टॉप राहिलेत.”

सगळे हसले. मग मत घेतले आणि वर्ग मला मिळाला. चाचा उठले, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाले, “बरोबर झालं. सरांचं पाठांतर पक्कं आहे. मुलांना आणायचं काम तेवढं माझ्याकडे राहू द्या. वारज्याची गाडी माझ्या सवयीची आहे.” त्यानंतर ते मुले आणून सोडत आणि बारापर्यंत बाहेरच्या पायरीवर बसून राहत. पायरीवरून येणारा त्यांच्या खोकल्याचा आवाजसुद्धा माझी मुले कान देऊन ऐकतात, असे मला वाटे.

माझ्या हाती वर्ग आल्यावर हजेरी घटली, असे लिहिले तर हे लेखन सोयीचे होईल. ती घटली नाही. मुले येत होती, पाठांतर वाढले, गुण वाढले. सलमा पहिल्या रांगेत बसे आणि विचारले की बरोबर उत्तर देई. वर्गात इतकी शांतता असे की मंडळाच्या एका सदस्याने माझे अभिनंदन केले. मी खूश राहण्याचा पुष्कळ प्रयत्न केला.

मग रमजान आला. एका रविवारी संध्याकाळी मंडळाने मुलांसाठी इफ्तार ठेवला. रोजा सुटला, खजूर-फळे झाली आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या, नमाजेची वेळ झाली. मोठी माणसे मशिदीत गेली. मुलांची नमाज आमच्या खोलीतच व्हावी, आणि ती त्यांच्या शिक्षकाने पढवावी, असे ठरले. मी पुढे उभा राहिलो. मागे मुलग्यांच्या रांगा, त्यांच्या मागे मुली. चाचा दारापाशी, मुलग्यांच्या शेवटच्या रांगेच्या टोकाला.

दुसऱ्या रकातीत, म्हणजे नमाजेच्या दुसऱ्या आवर्तनात, मी एक सूरा सुरू केली. तीच मुलांनी दोन आठवड्यांपूर्वी चाचणीत बिनचूक म्हटली होती. मध्यावर येऊन मी थांबलो. पुढची ओळ गेली होती. असे माझे कधी झाले नव्हते. मागे जवळपास तीस मुले होती आणि त्यातल्या वीस जणांना ती ओळ येत होती. गुणपत्रक माझ्याच हातचे होते. मी वाट पाहिली. सवयीने आकडे मोजले, दहापर्यंत. मी सूरा पहिल्यापासून पुन्हा सुरू केली आणि तिथेच पुन्हा थांबलो. पुन्हा दहापर्यंत मोजले. कोणी बोलले नाही. शेवटी मी ती तशीच सोडली आणि गुडघ्यांवर हात ठेवून रुकूत वाकलो.

नमाज संपल्यावर मी पहिल्या रांगेतल्या जुबेरला बाजूला घेतले. वर्गातला सर्वांत हुशार मुलगा.

“ती ओळ येत होती ना तुला?”

“हो सर.” आणि त्याने ती घडाघड म्हणून दाखवली.

“मग दिली का नाहीस?”

“मला वाटलं तुम्ही टेस्ट घेताय. कोण मध्ये बोलतं ते बघायला.”

चाचा जवळच सतरंजी गुंडाळत होते. मी त्यांच्याकडे पाहिले. ते ओशाळल्यासारखे म्हणाले, “मला ती अजून येत नाही, सर. येत असती तर दिली असती.” यात टोमणा नव्हता. मी बराच काळ शोधला, मला सापडला नाही.

घरी जाताना सलमा स्कूटरवर माझ्या मागे बसली होती. नमाजेत मुलींनी बोलायचे नसते, हाताच्या पाठीवर टाळी देऊन चूक दाखवायची असते. ते तिला चाचांनी शिकवले होते, मलाही माहीत होते. मी स्कूटर पुलावरून पलीकडे नेली. मग विचारले, “तुला कळलं होतं का, मी अडलोय ते?”

“हो.”

“मग?”

“हात वर आला होता, अब्बा. पण तुम्हाला आवडलं नसतं.”

दुसऱ्या रविवारी मी चाचांना आत बोलावले, असे इथे लिहिता आले असते तर बरे झाले असते. मी बोलावले नाही. मी त्यांची रीत उचलली. जुबेरसमोर मांडी घालून बसलो आणि म्हणालो, “ऐक माझा सबक.” माझे सगळे बरोबर आले. जुबेर म्हणाला, “बरोबर आहे, सर.” आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो, त्याला करायला काही उरले नव्हते. कुरआन म्हणताना मुद्दाम चुकणे मला योग्य वाटले नाही, म्हणून मी माझ्या रोजच्या शाळेत, आठवीच्या वर्गात, फळ्यावर एक सोपा गुणाकार मुद्दाम चुकवला आणि खडू हातात धरून थांबलो. पंचेचाळीस मुलांनी ते चुकीचे उत्तर वहीत उतरवून घेतले. मी एकूण सव्वीस वर्षे शिकवले होते तेव्हा.

चाचा पायरीवर बसून शिकत राहिले. वर्ग सुटला की एखादे मूल घरी जायचे सोडून त्यांच्याजवळ बसे आणि त्यांचा सबक ऐके; बहुतेक वेळा सलमा. मी दाराला कुलूप लावून तिच्यासाठी थांबत असे, आणि ती मला हाताने खूण करी की थोडे थांबा. ते वारले तेव्हा ती बारावीत होती. दोन दिवस ती धड जेवली नाही. माझ्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी ती दोन्ही वेळा जेवली होती. हे मोजायला नको होते, मी मोजले.

आरंभीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. मुले चाचांकडे जात, कारण त्यांच्याकडे मुलांवाचून अडत असे. त्यांना खरोखरच पुढची ओळ येत नसे आणि ती मुलांकडे असे. माझ्याकडे कोणाचे कोणावाचून काही अडत नव्हते. हे उत्तर मला पटते, पण त्यावर माझा पूर्ण भरवसा नाही. ते एका मत्सरी माणसाने, एकाच वर्गावरून काढले आहे, आणि त्याला आपल्या हरण्याचे एखादे मोठे कारण हवे असणे शक्य आहे. कदाचित त्यांच्या आल्याच्या वड्याच चांगल्या असतील.

म्हणून वाचकांना विनंती आहे. आपण शिक्षक असाल तर वर्गात, नसाल तर घरी, मुलांना नक्की येते असे काहीतरी त्यांच्यासमोर म्हणायला घ्या. पाढा चालेल, कविता चालेल. मध्येच एक ओळ चुका आणि थांबा. काही सुचवू नका, हसू नका, कोणाकडे पाहू नका. मनात दहापर्यंत मोजा. कितव्या आकड्याला कोण बोलले ते लिहून ठेवा. कोणीच बोलले नाही, तर तेही लिहा. माझ्या उत्तरावर विसंबू नका. कृपया स्वतः तपासून पाहा.